मनगट उचलले तर मूठ वळते



आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारे कला शाखेचे पदवीधर आहोत. तरीही मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने, वाकलेल्या लहान हातांविषयी आज बोलणार आहोत. कारण त्यात आमची एक चूक आहे.

प्रथम एक विनंती. मनगट तळव्याच्या बाजूला पूर्ण वाकवा आणि घट्ट मूठ आवळा. जमत नाही ना? आता मनगट थोडे मागे उचलून आवळा. बोटे तीच, पण पकड आली. या मुलांचे मनगट बहुतेक वेळ त्या पहिल्या स्थितीत असते. मूळ दोष हातात नसतो. मेंदूला झालेल्या इजेमुळे मनगट वाकवणारे स्नायू आवळलेले राहतात. ती इजा वाढत नाही. परंतु मूल वाढते, हाडे वाढतात, आवळलेला स्नायू त्या मानाने लांबत नाही आणि वाकडेपणा कायमचा होतो.

आमच्या भाचीच्या मुलाचा डावा हात असाच. "थांब, मोठा झाला की सुटेल," असे तिला आम्हीच सांगितले. तेल-मालिशीत चार वर्षे गेली.

उपाय आहेत. मनगट सरळ ठेवणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, देतात. डबा उघडणे, कणीक मळणे अशी दोन्ही हातांची कामे रोज करून घेतात. एकच हात अधू असेल तर चांगला हात ठराविक वेळ मोज्यात ठेवून अधू हाताला कामाला लावतात. आवळलेल्या स्नायूत बोट्युलिनमचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, त्या काळात व्यायाम झाला तरच खरा लाभ. मूल मोठे झाल्यावर गरज पडल्यास वाकवणारी शीर मनगट उचलण्याच्या बाजूला जोडण्याची शस्त्रक्रिया असते. यांपैकी कशानेही मेंदूची इजा बरी होत नाही. हात मात्र उपयोगी पडतो.

मुंबईत डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, ती आपल्या मुलीच्या निमित्ताने. त्या मुलीने, मालिनी चिब यांनी, एका बोटाने टंकलेखन करीत आत्मचरित्र लिहिले.

म्हणून मातांनो, चार महिन्यांनंतरही बाळाची मूठ मिटलेलीच राहिली, किंवा वर्षाच्या आत ते एकच हात पुढे करू लागले, तर थांबू नका. जवळच पिंपरीत वायसीएम रुग्णालय आहे, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मागल्या जन्मीचे पाप म्हणून आईला बोल लावू नका. बाबासाहेबांनी ही समजूत नाकारली आहे. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असेल, तर २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

आमचा नातू आज नऊ वर्षांचा आहे. डाव्या हाताने तो वही दाबून धरतो आणि उजव्याने लिहितो. ती चार वर्षे आम्ही त्याला परत देऊ शकत नाही. तुमच्या घरची वाचावीत, एवढ्यासाठी हे दोन शब्द.

जयभीम!