डबा पोचला का?

(मंडळाच्या मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमात केलेलं हे छोटं भाषण, अंकासाठी थोडं नीटनेटकं करून.)



फराळाच्या ताटासमोर विज्ञानावर बोलणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यात मी कॉम्प्युटर इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. म्हणून सुरुवात फराळापासूनच करतो.

आई दरवर्षी पुण्याहून डबा पाठवते. चकल्या येतात, पण निम्म्या वेळा चुरा होऊन. चकल्या करायला एक दुपार पुरते. त्या अख्ख्या प्लेनोला पोचवणं हे खरं काम. जनुकोपचाराचं, म्हणजे जीन थेरपीचं, अगदी असंच आहे. पेशीसाठी दुरुस्तीच्या सूचना लिहिणं आता प्रयोगशाळेत जमतं. त्या योग्य पेशीपर्यंत धडधाकट पोचवताना गाडी अडते.

सुरुवातीला हे काम विषाणूंवर सोपवलं, कारण पेशीत शिरणं हा त्यांचा जन्मजात धंदा. पण शरीर विषाणूला शत्रू म्हणून ओळखतं. १९९९ मध्ये फिलाडेल्फियाला अशाच एका चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा दगावला. अमोनियाचा निचरा करणारं एक एन्झाइम त्याच्या यकृतात कमी होतं. घात केला तो जनुकाने नव्हे, ते वाहून नेणाऱ्या विषाणूने. विषाणू आजही वापरतात, पण दुसरा डबा हवा याची निकड तेव्हापासून जास्तच जाणवू लागली.

तो डबा म्हणजे नॅनोकण. मेदाचे इतके बारीक गोळे, की एका केसाच्या जाडीत पाचशे-हजार ओळीने मावतील. घटक चार, त्यात चक्क कोलेस्टेरॉलही! मुख्य मेद मोठा चतुर आहे. आम्लात त्याच्यावर धन प्रभार येतो आणि तो ऋण प्रभाराच्या आरएनएला घट्ट धरतो. रक्तात तो उदासीन राहतो, त्यामुळे फारसा त्रास देत नाही. पेशी त्याला एका पिशवीत घालून गिळते. ती पिशवी आंबट झाली की हा पुन्हा प्रभारित होतो, पिशवी फोडतो आणि आरएनए बाहेर! फायझर आणि मॉडर्नाची कोव्हिडची लस याच डब्यातून आली.

२०२५ मध्ये, पुन्हा फिलाडेल्फियालाच, केजे मल्डून या तान्ह्या बाळाला फक्त त्याच्यासाठी बनवलेली जनुकदुरुस्ती नॅनोकणांतून दिली. आजार जेसीच्या आजाराच्याच कुळातला. बाळ पूर्ण बरं झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण ते घरी गेलं.

एक मोठी अडचण मात्र आहे. हे डबे रक्तात सोडले की बहुतेक यकृतातच जाऊन बसतात. पत्ता काहीही लिहा, पार्सल एकाच गोदामात! यावरचं एक उत्तर आपल्या शेजारीच निघालं. डॅलसच्या यूटी साउथवेस्टर्नमध्ये डॅनियल सीगवर्ट यांच्या गटाने २०२० मध्ये उंदरांवर दाखवलं, की पाचवा मेद मिसळला तर पत्ता बदलतो. कायम धन प्रभाराचा मिसळला तर फुप्फुस, ऋण प्रभाराचा मिसळला तर प्लीहा. इथून गाडीने अर्धा तास, आणि आपण तिथून रोज जातो!

मी हे सगळं का वाचत बसतो? नागपूरला इंजिनिअरिंगला असताना माझा रूम पार्टनर गडचिरोली जिल्ह्यातला होता. त्याला सिकलसेल. थंडीत मध्यरात्री त्याची हाडं दुखायला लागली, की मी गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचो. त्यापलीकडे मला काही येत नव्हतं.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत या आजारावर कॅसजेव्ही हा जनुकोपचार मंजूर झाला. मी हरखून त्याला फोन केला. यात मूळपेशी शरीराबाहेर काढून दुरुस्त करतात, केमोथेरपीने मज्जा रिकामी करतात, मग त्या पेशी परत सोडतात. किंमत बावीस लाख डॉलर. तो हसला. म्हणाला, "अबे, एवढ्यात आमचा अख्खा तालुका येते ना!"

त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी मज्जेतल्या मूळपेशींचा पत्ता लावलेले नॅनोकण उंदरांना थेट टोचून पाहिले. सूचना मुक्कामी पोचल्या. माणसांत हे अजून सिद्ध व्हायचंय. झालं तर पेशी बाहेर काढणं नको, केमोथेरपीही नको. तालुक्याच्या दवाखान्यात परवडण्याची आशा असेल तर ती याच वाटेने.

आणि ही विद्या आपल्याकडे परकी नाही. आमच्या हिंजवडीत, आयटीवाल्यांच्या शेजारीच, जेनोव्हा कंपनीने भारताची पहिली एमआरएनए लस बनवली. ती जून २०२२ मध्ये मंजूर झाली आणि २ ते ८ अंशांवर, म्हणजे साध्या फ्रिजमध्ये राहते. गावापर्यंत औषध पोचायचं तर याला फार मोल आहे.

तेव्हा मंडळी, मुलं कॉलेजात काय शिकू म्हणून विचारतील, तेव्हा आमच्या कॉम्प्युटरखेरीज हेही एक नाव सुचवा. आई दर दिवाळीला फोनवर पहिला प्रश्न विचारते, "डबा पोचला का?" माझ्या मित्राला हा प्रश्न विचारायची माझी फार इच्छा आहे.

आता फराळाकडे वळू या!