एका सिस्टरमागे किती?

आज पदवी घेणाऱ्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांनो,

तुमच्यातले बरेच जण लवकरच कुठल्यातरी वॉर्डात सिस्टर किंवा ब्रदर म्हणून रुजू होतील. सेवा, त्याग, करुणा यांविषयी तुम्ही चार वर्षं ऐकत आला आहात. त्यातलं काहीच खोटं नाही. पण आज मला बोलायचं आहे ते एका आकड्याविषयी. एका पाळीत एका सिस्टरच्या वाट्याला रुग्ण किती?

हा प्रश्न मेट्रनचा आणि मंत्रालयाचा, आपण आपलं काम करावं, असं आपल्या मनावर पहिल्या दिवसापासून ठसवलं जातं. मला ते मान्य नाही. हा आकडा उपचाराचाच भाग आहे. औषधाची मात्रा चुकली तर रुग्णाला इजा होते, तशी हा आकडा चुकला तरी होते. 2002 मध्ये संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, नर्समागे एकेक रुग्ण वाढत गेला तशी दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढताना दिसली. 2014 मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या 300 रुग्णालयांचा अभ्यास आला, आणि त्यातही जवळपास हाच आकडा होता.

कुणी म्हणेल, अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. ठीक आहे. पण ज्यांनी वॉर्डात काम केलं आहे त्यांना कारण ठाऊक आहे. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आतून रक्तस्राव सुरू झाला, तर बीपी बहुतेक वेळा उशिरा पडतो. त्याआधी नाडी वाढते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, माणूस अस्वस्थ होऊन चादर ओढू लागतो. ही लक्षणं मॉनिटरवाचून, नुसत्या नजरेला आणि हाताला कळतात. मात्र त्यासाठी कुणीतरी त्या खाटेपाशी वारंवार जायला हवं. पाच रुग्ण असलेली सिस्टर जाते. तीस रुग्ण असलेली सिस्टर इंजेक्शनांची ट्रॉली घेऊन या टोकापासून त्या टोकाला पोचेपर्यंत तास-दीड तास गेलेला असतो. दोघींचं शिक्षण सारखं, कळकळही सारखी.

सगळीकडे एकच प्रमाण चालणार नाही, हेही उघड आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं दर तासाचं निरीक्षण, सक्शन, औषधांचे पंप, कूस बदलणं हे सगळं धरलं की आयसीयूत एका रुग्णामागे एक सिस्टर हा चैनीचा हिशेब ठरत नाही. लेबर रूममध्ये तर मोजणीच बदलते. कळा देणाऱ्या बाईपाशी बसून बाळाचे ठोके ऐकायचे, पार्टोग्राफ भरायचा. आणि बाळ बाहेर आलं की त्याच सिस्टरकडे एकाचे दोन रुग्ण होतात. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात हात हवेत बाळाकडे, आणि त्याच वेळी आईच्या रक्तस्रावावरही डोळा हवा. मनोरुग्णांच्या वॉर्डात सलाईन कमी असतात म्हणून माणसं कमी चालतील असं समजणाऱ्याने आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णावर एक पाळी नजर ठेवून पाहावी.

कॅलिफोर्नियाने 1999 मध्ये यासाठी कायदा केला आणि 2004 पासून तो अमलात आला. आयसीयूत आणि लेबर रूममध्ये एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन रुग्ण, लहान मुलांच्या वॉर्डात आणि आपत्कालीन विभागात चार, मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच, मनोरुग्ण विभागात सहा. हे किमान आहे; रुग्ण अत्यवस्थ असतील तर माणसं वाढवायची. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती अट वेगळीच आहे. हे प्रमाण सतत पाळायचं, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. आपल्याकडे 'तू जेवून ये, मी बघते' असं मैत्रिणीला म्हणताना आपण तिचे सगळे रुग्ण आपल्या डोक्यावर घेतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या ठरावीक वॉर्डांसाठी दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांमागे सरासरी एक नर्स असं ठरवलं. रात्रीची ही सवलत मला पटत नाही. रात्री ऑपरेशनं कमी असतील, पण वॉर्डातलं दुखणं कमी होत नाही आणि हाकेला धावून येणारी माणसं मात्र कमी होतात.

आता आपल्याकडे वळू. भारतीय परिचर्या परिषदेचं मानक तुम्ही परीक्षेत लिहिलं आहे: अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक, शिवाय रजेसाठी 30 टक्के जादा पदं. ऐकायला कॅलिफोर्नियाहून उदार वाटतं. पण हे प्रमाण एकूण पदांवर लावलं, तर हिशेब करून पाहा. 60 खाटांच्या वॉर्डाला 20 पदं आणि दिवसाच्या तीन पाळ्या. म्हणजे पाळीला सहा-सात जणी, आणि एकीच्या वाट्याला नऊ रुग्ण. साप्ताहिक सुट्टी, आजारपण, बाळंतपणाची रजा यांसाठीची जादा पदं भरलेली असतील तरच हे जमणार. पद रिक्त असेल, कुणाला दुसऱ्या विभागात पाठवलं असेल, तर नवाचे अठरा व्हायला वेळ लागत नाही. आणि हिशेब खाटांचा असतो. पावसाळ्यात तापाच्या साथीत दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून झोपवलेला रुग्ण त्यात धरलेलाच नसतो.

तरीही आपले वॉर्ड चालतात. कसे? नातेवाइकांच्या जिवावर. भरवणं, अंग पुसणं, बेडपॅन देणं, सलाईन संपत आलं की 'सिस्टर, बाटली संपली' म्हणून धावत येणं, हे सगळं पेशंटची आई, बायको, भाऊ करतात. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण तुमच्या वॉर्डातली खरी स्थिती पाहायची असेल तर ज्याच्याजवळ कुणीच नाही अशा रुग्णाकडे पाहा. रस्त्यावरून आणलेला, नाव-गाव न सांगता येणारा. त्याच्या पाठीला बेडसोर झाला आहे का, त्याच्या उशाशी पाणी आहे का, ते बघा.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या सिस्टरांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्याच सहकारी अरुणा शानबाग यांना 1973 पासून 2015 पर्यंत, 42 वर्षं सांभाळलं. त्या शुश्रूषेची सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात गौरवाने दखल घेतली. निष्ठेची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण मला त्यात हातही दिसतात. हालचाल करू न शकणाऱ्या माणसाला कुशीवर वळवायला दोघी लागतात, दर दोन तासांनी, प्रत्येक पाळीत. निष्ठा अमलात आणायला माणसं लागतात.

म्हणून माझं तुमच्याकडे एक कळकळीचं मागणं आहे. न घेतलेला बीपी चार्टवर भरू नका. चार वाजताच्या ओळीत सगळ्यांना एकसारखं 120/80 लिहिलं की चार्ट पूर्ण दिसतो, वरिष्ठ रागवत नाहीत, आणि या वॉर्डाला माणसं पुरेशी आहेत असा पुरावा आपण आपल्याच हाताने तयार करतो. जे राहिलं ते राहिलं असं लिहा. ओव्हर देताना रिपोर्ट बुकात पाळीतले रुग्ण किती, त्यांत अत्यवस्थ किती, सिस्टर किती, आणि कोणतं काम होऊ शकलं नाही, एवढं वेळेसह नोंदवा. त्याखाली सही करा. नवीन माणसाला याची भीती वाटेल, बोलणीही बसतील. एकटीने लिहिणं अवघड असेल तर पाळीतल्या सगळ्यांनी मिळून लिहा, परिसेविकांना दाखवून लिहा. त्यांनाही हे हवंच असतं. जादा माणसांची मागणी वर पाठवताना त्यांच्या हातात अनेकदा नुसती तक्रार असते, नोंद नसते.

आणि स्टोअरचा इंडेंट, चादरींची मोजणी, संगणकावरची माहिती यांत पाळीतला किती वेळ गेला, तोही त्याच पानावर येऊ द्या. रुग्णापासून दूर गेलेला वेळ प्रमाणातून वजा व्हायला हवा.

व्यासपीठावर आज रुग्णालय चालवणारी आणि धोरण ठरवणारी मंडळी बसलेली आहेत. त्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर भेटीच्या वेळेची पाटी असते. तिच्याशेजारी दर पाळीला दोन आकडे लिहायला सांगा: आत रुग्ण किती, आणि सिस्टर किती. खर्च खडूचा. सुरुवात तुमच्या स्वतःच्या रुग्णालयापासून करा, आणि पुढच्या वर्षीच्या दीक्षान्त समारंभात ते वर्षभराचे आकडे इथे वाचून दाखवा.