वावराला वाट आहे, सातबाऱ्यावर नाही

(जिल्हा बैठकीतील भाषण, थोडे आटोपशीर करून)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणं झालं आहे. आम्ही त्यात भर घालणार नाही. आम्ही वाटेबद्दल बोलणार आहोत. गावच्या रस्त्यावरून तुमची बंडी तुमच्या वावरात कुठून जाते, एवढाच विषय. लहान वाटतो. ज्याची वाट अडली आहे त्याच्याशेजारी बसून बघा, मग लहान वाटणार नाही.

एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. चार एकर काळं वावर, पांदणीपासून दोन वावरं आत. मालक वारलेले. बंडी पहिल्यापासून शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून जायची. जूनमध्ये शेजाऱ्याने धुरा वखरून काढला, तिथे तुरीचं एक तास टाकलं आणि तोंडाशी काटे लावले. बाईंनी बियाणं डोक्यावर नेलं, खताच्या चुंगड्या डोक्यावर नेल्या. पऱ्हाटी चांगली आली. वेचणीला बायका मिळाल्या, पण दोन वावरं ओलांडून गाठोडी आणायची म्हटल्यावर मजुरी वेगळी मागू लागल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. शेवटी गावातलाच व्यापारी धुऱ्यावर येऊन उभा राहिला. म्हणाला, तुमचा माल बाहेर निघत नाही, इथून उचलायचा तर भाव इतकाच. बाईंनी दिला. दुसरं काय करणार?

त्या आमच्याकडे आल्या फेब्रुवारीत. आम्ही ऐटीत अर्ज लिहून दिला, १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली. अर्ज परत आला. मुदत सहा महिन्यांची. वाट अडली जूनमध्ये, मुदत संपली डिसेंबरात. चूक आमची होती. शेतकीच्या पदवीत आम्हाला खताच्या मात्रा शिकवल्या, कलम ५ कोणी शिकवलं नाही, आणि आम्हीही कधी उघडून बघितलं नव्हतं. पुन्हा दुसऱ्या कलमाखाली अर्ज केला, त्यात आणखी एक हंगाम गेला. म्हणून आज हे दोन कायदे नीट समजावून सांगतो. दुसऱ्या कुणाचा हंगाम आमच्यासारख्यांच्या अज्ञानापायी जाऊ नये.

वाट होती आणि कुणी अडवली, तर मामलेदार कोर्ट. वाट चालू होती हे दाखवायचं, अडवल्याची तारीख सांगायची आणि त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावायचा. अडथळा काढून टाकण्याचा आणि पुन्हा अडवू नये असा मनाईचा हुकूम तो देऊ शकतो. 'पाहू, दिवाळीनंतर बोलू, पाहुणे मध्ये घालू' असं करत आपण सहा महिने घालवतो. पाहुणे जरूर मध्ये घाला, पण दावा लावून मग घाला.

वाट नव्हतीच, किंवा होती पण मुदत गेली, तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. यात तहसीलदार दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून वाट देऊ शकतो. 'हद्दीवरून' हा शब्द लक्षात ठेवा. वावराच्या मधून, नांगरटीच्या अंगावरून वाट या कलमात मागता येत नाही. धुरा धरून, दोन्हीकडची सारखी जमीन घेऊन वाट मागायची. निर्णय देताना शेतकऱ्याला वावरात जायला वाजवी वाट लागते याचा विचार करायचा, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. निर्णय पटला नाही तर वर अपील आहे, नाहीतर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा आहे. मात्र दिवाणी दावा लावला की अपिलाचं दार बंद होतं. वकील हे सांगेलच असं नाही.

अर्जाला काय जोडायचं? तुमचा सातबारा, ज्यांच्या धुऱ्यावरून वाट मागता त्यांची नावं-पत्ते, हाताने काढलेला कच्चा नकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत. ही शेवटची गोष्ट बहुतेक अर्जांत नसते आणि तीच सगळ्यात कामाची. गावनकाशा वाचायला सोपा आहे. तुटक रेषांची जोडी दिसली की गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे आकडे मोजणीच्या साखळीतून आलेले आहेत. ३३ फुटांची साखळी, तिची अर्धी साडेसोळा, पाव सव्वाआठ. जिथे आज बैलसुद्धा एकामागे एक चालवावे लागतात, अशा किती पांदणी नकाशावर साडेसोळा फूट आहेत ते घरी जाऊन बघा. मग उरलेली जमीन कुणी खाल्ली? सरकारने नाही. दोन्ही बाजूंनी दरवर्षी एकेक तास आपणच आत सरकलो.

विदर्भातल्या गावांना आणखी एक आधार आहे. संहितेच्या कलम १६५ खाली गावाचा वाजिब-उल-अर्ज असतो. खाजगी जमिनीवरून वाटेचे, पाण्याचे जे रिवाज गावात चालत आले ते त्यात लिहिलेले असतात. तलाठ्याकडे मागा. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पाटी बदलली आहे. कागद तोच आहे.

आता आमच्यातलाच कुणीतरी उठून विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे, की मालमत्तेचा हक्क मानणारी आपली चळवळ. सरकारने जमिनीला हात लावला की आपण रस्त्यावर येतो. मग शेजाऱ्याची जमीन वाटेसाठी मागता कशी? प्रश्न खरा आहे. आमचं उत्तर आधी हिशेबाचं आहे. धुरा ६६० फूट लांब धरा, म्हणजे वीस साखळ्या. त्यावर पूर्ण साडेसोळा फुटांचा गाडीमार्ग केला तर १० गुंठे जातात. दोन्हीकडून निम्मे, म्हणजे माणशी ५. चार एकरांत १६० गुंठे असतात. त्यातले ५ देऊन ज्याच्या वावरात ट्रॉली उभी राहते त्याचाही माल निघतो, एकट्या मागच्याचा नव्हे. आणि ज्याचं वावर पुढे आहे, तोसुद्धा दुसऱ्या सर्व्हे नंबरात कुणाच्या तरी मागे असतोच. तरीही जिथे एकट्याचीच जमीन जास्त जात असेल तिथे मोबदला द्यावा, फुकट मागू नये, असं आमचं मत आहे. मार्च २०२४ च्या नियमांनी शेतरस्त्यासाठी लहान तुकड्याची खरेदी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने होऊ शकते. तुकडेबंदीची सबब आता चालत नाही.

वाट नाहीशी होण्याची खरी जागा मात्र कोर्ट-कचेरी नाही, घर आहे. वाटणीचा दिवस. तीन भाऊ वावर आडवं कापतात. पुढचा तुकडा थोरल्याला, मधला मधल्याला, मागचा धाकट्याला. त्या दिवशी सगळे एका ताटात जेवतात, वाटेचा विषय काढणं अपशकुनी वाटतं. पुढच्या पिढीत धाकट्याच्या मुलाला काकाच्या मुलाचे पाय धरावे लागतात. वावर उभं कापा, प्रत्येक पट्टी पांदणीला लागू द्या. पट्टी फार अरुंद होत असेल तर आडवं कापा, पण वाटणीपत्रात वाट फुटांत लिहा. कायदा इथे मागच्याच्या बाजूने आहे. एकाच जमिनीचे तुकडे पडले आणि मागच्याला दुसरी वाटच नसली, तर १८८२ च्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यात गरजेची वाट मानलेली आहे. पण ती दिवाणी कोर्टात सिद्ध करण्यात वर्षं जातात, आणि लिहायला एक ओळ लागते.

इथे बसलेल्या मायबहिणींना वेगळं सांगतो. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, पुढे लक्ष्मीमुक्तीत हजारो घरांनी बाईच्या नावे जमीन केली. ते मोठंच काम झालं. पण नावावर जमीन चढली आणि वाट मात्र दिराच्या मर्जीवर राहिली, अशी घरं आम्ही पाहिली आहेत. शासनाने २२ मे २०२५ च्या निर्णयात शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी असं म्हटलं आहे. वाट मिळालेली असेल तर ही नोंद करून घ्या. हुकूम पेटीत ठेवला की तो तुमच्यापुरता राहतो. सातबाऱ्यावर चढला की वावर विकलं तरी पुढच्या मालकाला दिसतो.

आता थोडं बांधणीबद्दल, कारण वाट मिळूनही जुलैत बंडी रुततेच. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावर नुसती मोठी दगडं टाकली तर दोन पावसाळ्यांत माती त्यांना गिळते. आधी दोन्ही बाजूंनी नाली काढा, निघालेली माती मधे टाकून वाट उंच करा, मध्ये फुगीर आणि कडेला उतरती ठेवा, दाबा, त्यावर मुरूम. गिट्टी घालायची तर मुरमाच्या वर, मातीच्या अंगावर नाही. नालीचं पाणी कुठे सोडणार ते शेजाऱ्याला आधी विचारा. भांडणं जमिनीपेक्षा पाण्यावरून जास्त होतात, आणि पाण्याचा नैसर्गिक ओघ अडवला तर तोच कलम ५ तुमच्यावर उलटतो.

डांबरी रस्त्याला वाट जिथे मिळते ते तोंड सगळ्यात बिघडलेलं असतं. आपण सडकेची नाली माती टाकून बुजवतो. वरचं पाणी तुंबतं, सडक उखडते, वरच्याचं वावर चिबडतं. बांधकाम खात्याची परवानगी घेऊन नालीत सिमेंटचा पाईप टाका, नालीच्या तळाच्या उताराला धरून. तोंड सडकेकडे पसरट ठेवा, ट्रॉली वळताना चाक नालीत जायला नको. सडकेला लागण्याआधी बंडी उभी राहील एवढी जागा सपाट ठेवा. चढावर भरल्या बंडीचे बैल थांबवून मोटारींची वाट पाहायला लावणं हा बैलांवर अन्याय आहे. फाटक लावायचं तर ट्रॉलीची लांबी सोडून आत लावा.

आणि नवीन महामार्गाची मोजणी गावात आली, तर त्याच दिवशी वाटेचं बोला. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला. त्याला ठरलेल्या ठिकाणांवाचून चढता येत नाही. ज्याचं वावर त्याला लागून आहे त्याला गाड्या दिसतात, दार नाही. पलीकडच्या अर्ध्या वावरात जायचं तर खालचा बोगदा गाठावा लागतो. संयुक्त मोजणीच्या वेळी आपण झाडं मोजून घेतो, विहीर मोजून घेतो. वाट कुठून मिळणार हे लेखी विचारत नाही.

पुढच्या बैठकीला गावनकाशाची प्रत, सातबारा आणि वाट अडली असेल तर ती तारीख घेऊन या. सकाळी दहापासून आम्ही दोघं-तिघं पलीकडच्या खोलीत अर्ज लिहायला बसतो. ज्यांची वाट जूनमध्ये अडली त्यांनी पुढच्या बैठकीची वाट पाहू नये, आज जेवण झाल्यावरच भेटावं.