वचन आणि प्रसंग



नंजनगूड हे गाव म्हैसूरच्या दक्षिणेस, कपिला नदीच्या तीरी वसले आहे. येथील देवतेचे नाव नंजुंडेश्वर. कन्नडात ‘नंजु’ म्हणजे विष आणि ‘उंड’ म्हणजे सेवन केलेला. समुद्रमंथनाची कथा ज्यास ठाऊक आहे, त्यास या लहानशा नावात पुष्कळ सापडते. ज्यास ती ठाऊक नाही, त्याच्या लेखी ते नुसते नाव असते. सुविचारांची गतीही अशीच आहे. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. तो कोणी, कोणास व कशासाठी सांगितला, हे मात्र कोणी सांगत नाही.

बाराव्या शतकातील शरणांनी वचनाच्या अखेरीस इष्टदेवतेचे नाव गुंफले. बसवेश्वरांचे अंकित कूडलसंगमदेव, तर अक्कमहादेवींचे चेन्नमल्लिकार्जुन. त्यामुळे वचनाचा कर्ता ओळखता येतो. प्रसंग मात्र हरवला. पंधराव्या शतकात शिवगणप्रसादी महादेवय्या यांनी ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात वचने संवादात ओवली. अल्लमप्रभू प्रश्न करतात, समोरचा शरण उत्तर देतो, आणि सुटे वचन पुन्हा बोलू लागते. ही मांडणी संकलकाची आहे, याचे भान मात्र वाचकाने ठेवले पाहिजे.

महाराष्ट्रातही हाच प्रश्न उभा राहिला होता. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त संकलित केल्या, केशिराज व्यासांनी त्यांतून वचने वेचून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. सूत्रे पाठ करण्यास सोपी झाली, तरी प्रसंगावाचून अर्थ लागेना. म्हणून ती केव्हा उच्चारली गेली, हे सांगणारे ‘प्रकरणवश’ महानुभावांना रचावे लागले.

विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी ताडपत्रांवरील वचने गोळा करून 1923 साली ‘वचनशास्त्रसार’ प्रसिद्ध केले. पुढे छापखान्यासाठी त्यांनी राहते घरही विकले. वचने कालातीत होती खरी. परंतु त्या ताडपत्रांना वाळवी लागत होती. कोणी तरी झीज सोसल्यावाचून कालातीत शहाणपणही काळाच्या पलीकडे जात नाही.

तेव्हा संग्रह अवश्य वाचावेत, पण एका बैठकीत संपवू नयेत. एका वेळी एकच वचन घ्यावे, त्याचा कर्ता व प्रसंग शोधावा, आणि तसा प्रसंग स्वतःवर आला असता आपण कसे वागलो होतो, हे आठवून पाहावे. ते आठवणे सुखाचे नसेल, तर वचन योग्य ठिकाणी पोचले असे समजावे.