कष्टाला दिशा हवी



‘मानवी जीवनात कष्टाचे महत्त्व’ या विषयावर मला बोलायचे आहे. कष्टाने माणूस घडतो, असे आपण नेहमी ऐकतो. पण विड्या वळून बोटे झिजवणाऱ्या आणि धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या आपल्या मायमाऊल्यांना कष्टाचे महत्त्व कोणी सांगावे? नुसत्या कष्टाने भले होत असते, तर आपल्या मुर्रीसारख्या गावांत कधीच दैन्य उरले नसते.

तथागतांनीही सहा वर्षे कठोर देहदंड सोसला. शरीराचा सापळा झाला, पण ज्ञानप्राप्ती झाली नाही. तेव्हा तो मार्ग सोडून त्यांनी सुजाताची खीर स्वीकारली आणि मध्यम मार्ग शोधला. म्हणजे निव्वळ सोसणे हा धम्म नव्हे.

मग कष्टाचा लाभ केव्हा होतो? बाबासाहेबांचे विद्यार्थी जीवन पाहा. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्याला नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. या अपमानाला आपण ‘लाभदायक कष्ट’ म्हणू नये, तो अन्यायच होता. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून अभ्यास केला, १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. हे कष्ट त्यांनी ध्येयासाठी स्वीकारले होते. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याला याचा विशेष अभिमान वाटतो. १९२५ साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

परंतु मित्रांनो, या यशामागे छत्रपती शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना या पारशी मित्राचे सहकार्य होते आणि तुटपुंज्या पैशांत घर चालवणाऱ्या माता रमाईचे कष्ट होते. हे विसरून चालणार नाही.

१९५४ साली बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणूक हरले. तेव्हा आपले गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. प्रकृती ढासळत असतानाही ते खचले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली.

धानाचे पऱ्हे उपटून दुसऱ्या बांधीत रोवले, तरच पीक जोमाने येते. पण बांधीत पाणी नसेल, तर तेच पऱ्हे वाळून जाते. विद्यार्थ्यांनो, गरिबीची लाज बाळगू नका आणि तिचे कौतुकही करू नका. अभ्यासाचे कष्ट आनंदाने घ्या. आणि नोकरदार बंधू-भगिनींनो, आपण ते पाणी होऊ या. एखाद्याची परीक्षा फी, एखाद्याची पुस्तके, एखाद्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे, एवढे तर आपल्या हातात आहे. आपण सोसले म्हणून पुढच्या पिढीनेही सोसावे, असे म्हणू नका.



नमो बुद्धाय! जय भीम!