रुग्णाचा आहार आणि परिचारिका

श्रावणी सोमवारी महाकाळाची सवारी निघते, तेव्हा उज्जैनचे रस्ते माणसांनी फुलून जातात. त्या दिवशी शहरातील रुग्णालयांतही कितीएक खाटांवर उपवास चाललेला असतो. जखम अजून भरावयाची आहे अशी एखादी वृद्धा कोणास न सांगता ताट बाजूला सारते. डॉक्टरांनी आहार लिहून दिलेला असतो, ताटही वेळेवर येते. परंतु आले तसेच ते परत जाते. ते परत जाताना पाहणारी एकच व्यक्ती तेथे असते, आणि ती म्हणजे परिचारिका.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. अन्नाची उणीव नसतानाही, ते रुग्णाच्या पोटात कसे जाईल हे पाहणारे कोणी नसल्यामुळे, रुग्ण उपाशी राहतात, असा त्याचा आशय. पुढे १९७४ साली चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकन डॉक्टरांनी तेथील रुग्णालयांचे असेच दोष दाखविले. वजन-उंचीची नोंद नाही, तपासण्यांसाठी जेवण वारंवार चुकते, रुग्णाने किती खाल्ले याची दखल नाही!

पोषणाचे कौशल्य हे मुख्यतः मोजण्याचे व नोंदण्याचे कौशल्य आहे, आणि त्याची खरी कसोटी लागते ती बालकांच्या बाबतीत. उज्जैनसह मध्य प्रदेशातील जिल्ह्यांत तीव्र कुपोषित बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, की धोका ओळखावा. अशा बालकास प्रारंभी भरपूर खाऊ घालण्याचा मोह आवरावा लागतो. कारण एकाएकी पडणारा भार त्याच्या दुर्बल हृदयास सोसत नाही. म्हणून १०० मिलिलिटरमागे ७५ कॅलरी देणारे पातळ दुग्धान्न दर दोन तासांनी, रात्रीही, मोजून पाजावयाचे असते. मध्यरात्रीची एक पाळी चुकली, तर रक्तातील साखर उतरून बालक दगावू शकते. लागोपाठ दोन-तीन वेळा वाटीतील पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक उरू लागला, तर नाकातून नळीने अन्न देण्याचा विचार करावा लागतो. तो निर्णय नोंदवहीतील आकड्यांवरच होतो.

प्रौढ रुग्णांच्या बाबतीतही दक्षता निराळी नाही. अर्धांगाच्या रुग्णास गिळता येते की नाही हे पाहिल्यावाचून घास देऊ नये, आणि नळीने अन्न देताना उशाकडील भाग उंच करावा. मधुमेहाचा रुग्ण जेवला नाही हे कळल्यावाचून इन्सुलिन दिले गेले, तर औषधच घातक ठरते.

त्या उपवास करणाऱ्या वृद्धेस रागे भरून काय साधणार? कुशल परिचारिका तिच्या श्रद्धेस धक्का लावीत नाही. “आजी, उपवासाला दूध-दही चालते ना?” एवढेच ती विचारते. राजगिरा आणि दाण्याचे कूटही चालते, हे तिला ठाऊक असते. पथ्यात बसेल ते ती डॉक्टरांना विचारून आणविते, दोन घास आपल्यासमोर खाववते, आणि किती खाल्ले ते लिहून ठेवते. ती एक ओळ पुढच्या पाळीच्या परिचारिकेने वाचली, म्हणजे त्या वृद्धेचे ताट पुन्हा भरलेले परत जात नाही.