उघडे सॉफ्टवेअर आणि राखणदाराचा पगार



आजच्या व्याख्यानाची जाहिरात वाचून एका स्नेह्यांनी मला विचारले, "हे संगणकवाल्यांचे आपसांतले भांडण तुम्ही चारचौघांपुढे कशाला मांडता?" ज्या मोबाइलवर त्यांनी ती जाहिरात वाचली, तो अँड्रॉइडचा होता. त्याच्या मुळाशी लिनक्स आहे, आणि लिनक्स हे ओपन सोर्स आहे. तेव्हा हे भांडण आपल्या प्रत्येकाच्या खिशात चालले आहे, आणि त्याचा निवाडा केवळ तज्ज्ञांवर सोपवणे मला इष्ट वाटत नाही.

ओपन सोर्स म्हणजे काय, एवढे प्रथम सांगतो. संगणकाने काय करावे हे माणसाने ज्या भाषेत लिहिलेले असते, तो मूळ मजकूर कोणालाही वाचता यावा, वापरता यावा, बदलता यावा आणि बदललेला दुसऱ्याला देता यावा, अशी परवानगी ज्याच्यासोबत मिळते ते ओपन सोर्स. पुष्कळ जण याचा अर्थ 'फुकट' एवढाच करतात. आपल्याकडे तर फारच करतात!

आता कोणी विचारील, वाड्याचा नकाशा चव्हाट्यावर लावला तर चोराचे फावणार नाही काय? शंका स्वाभाविक आहे, पण तिचे उत्तर जुने आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने १८८३ साली लष्करी गुप्तलेखनावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की, सांकेतिक लेखनाची सारी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी नुकसान होऊ नये. गुपित काय ते किल्लीपुरते असावे. कुलपाची घडण चोराला ठाऊक आहे असे धरूनच कुलूप बनवावे. आपण बँकेशी मोबाइलवरून जो व्यवहार करतो, त्यातले सांकेतिकीकरण याच तत्त्वावर चालते. त्याची गणिते जगजाहीर आहेत, गुप्त आहे ती किल्ली.

शिवाय, मजकूर झाकून ठेवल्याने सुरक्षितता येते, असाही अनुभव नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका खासगी प्रोग्रामच्या अद्ययावत प्रतीतून 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम पसरला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधल्या ज्या फटीचा त्याने उपयोग केला, ती अमेरिकेच्या हेरखात्याला पूर्वीपासून माहीत होती. त्यांनी ती स्वतःच्या कामासाठी झाकून ठेवली होती, आणि पुढे त्यांचीच हत्यारे चोरीला जाऊन बाहेर फुटली. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती, पण एका जागी शिरल्यावर पासवर्ड चोरून पुढे सरकण्याची युक्तीही या प्रोग्रामला साधलेली होती. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले. आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या, मर्स्कच्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम बंद पडले. युक्रेनमधला हिशेबाचा प्रोग्राम आणि उरण तालुक्यात खोळंबलेले कंटेनर! यात ना हिशेबाच्या प्रोग्रामचा मजकूर उघडा होता, ना विंडोजचा.

इथवर ऐकून ओपन सोर्सचे अभिमानी मान डोलावतील. त्यांचाही एक आवडता सिद्धान्त आहे. एरिक रेमंड या अमेरिकन लेखकाने तो १९९७ साली मांडला. त्याचा आशय असा की, पाहणारे पुष्कळ असले की दोष लपून राहत नाहीत. माझे खरे भांडण या सिद्धान्ताशी आहे. मजकूर उघडा असणे वेगळे आणि तो कोणी पाहिलेला असणे वेगळे. देवळाचे दार उघडे आहे म्हणून आत पुजारी आहे असे होत नाही.

२०१४ च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' प्रकरण उजेडात आले. संकेतस्थळांशी होणारा व्यवहार गुप्त ठेवणारे 'ओपनएसएसएल' नावाचे सॉफ्टवेअर जगभरच्या सर्व्हरांवर होते. समोरून आलेल्या निरोपाची जी लांबी सांगितली आहे, ती खरी आहे की नाही, हे तपासायचे त्यात राहून गेले होते. त्यामुळे थोडेसे पाठवून पुष्कळ मागितले, तर सर्व्हर आपल्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा भलताच ऐवज, कधी पासवर्ड, कधी गुप्त किल्ली, मागणाऱ्याच्या पदरात टाकी. ही चूक दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांपुढे उघडी पडली होती. त्या काळी या कामाला वर्षाकाठी देणग्या मिळत सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ राबणारा माणूस होता एक. त्यावर विसंबून असणाऱ्या कंपन्यांची उलाढाल अब्जावधींची होती.

याहून बोधक गोष्ट २०२४ ची आहे, आणि तिच्यापाशी मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे. 'एक्सझेड' नावाचे एक लहानसे सॉफ्टवेअर आहे. फायली दाबून लहान करणे, एवढेच त्याचे काम. फिनलंडमधले एक गृहस्थ ते अनेक वर्षे विनावेतन, फावल्या वेळात सांभाळत होते. २०२१ च्या सुमारास 'जिया टॅन' नावाची कोणी व्यक्ती त्यांच्या मदतीला आली. मदत खरी होती, कामही चांगले होते. मग इतर काही अपरिचित नावांनी तक्रारी सुरू केल्या की, काम फार संथ चालले आहे, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या. थकलेल्या राखणदाराने मदतनिसाला अधिकार दिले. आपल्यापैकी कोण देणार नाही? दोन-अडीच वर्षे विश्वास कमावल्यावर, २०२४ च्या फेब्रुवारीत, त्या मदतनिसाने नव्या आवृत्तीत एक चोरवाट बसवली. ज्याच्याजवळ ठराविक किल्ली असेल, त्याला दूरच्या लिनक्स सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता याव्यात, अशी ती योजना होती. युक्ती अशी की, चोरवाटेचे साहित्य चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत दडवले, आणि ते बाहेर काढून जोडणाऱ्या ओळी उघड्या भांडारात न ठेवता वाटपाच्या गाठोड्यात तेवढ्या घातल्या. म्हणजे भांडार वाचणाऱ्यालाही त्या दिसू नयेत.

हे पकडले कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. तो मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहे आणि 'पोस्टग्रेस' या डेटाबेसवर काम करतो. दुसऱ्याच कामाच्या मोजमापात त्याला आढळले की, सर्व्हरवर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी पंखा लावून चहा घेतला असता. त्याने धागा सोडला नाही, आणि २९ मार्चला सारे जगजाहीर केले. तोवर ती आवृत्ती डेबियन आणि फेडोराच्या चाचणीच्या प्रतींपर्यंत पोचली होती. 'जिया टॅन' कोण, हे अद्याप जाहीर झालेले नाही.

या घटनेचा दाखला दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने देतात. एक म्हणतो, उघडे असल्यामुळे कोणीही आत शिरला. दुसरा म्हणतो, उघडे असल्यामुळेच परक्याला तळापर्यंत जाऊन पाहता आले. मला दुसऱ्याचे अधिक पटते. मूळ मजकूर हाती नसता तर फ्रॉइंडची शंका शंकाच राहिली असती. पण त्याहून महत्त्वाचे हे की, हल्ला सॉफ्टवेअरवर होण्याआधी एका एकट्या, दमलेल्या माणसावर झाला. चोराने फट शोधली ती आपल्या सर्वांच्या कृतघ्नपणात.

आता धोरणाकडे वळतो. केंद्र सरकारने २०१५ साली धोरण जाहीर केले की, सरकारी कामात ओपन सोर्सला पसंती द्यावी, आणि ते नाकारायचे असेल तर कारण द्यावे. धोरण योग्यच आहे. त्यात ओपन सोर्स मंडळींना हातभार लावण्याचाही उल्लेख आहे. पण घेण्याबद्दल जी काटेकोर भाषा आहे, ती देण्याबद्दल नाही. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधीच उभारला. आपल्याकडे बंगळूरच्या झेरोधा या खासगी कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. एक दलाली पेढी जे करू शकते, ते सरकारला जड जाऊ नये. माझी सूचना साधी आहे: सरकारी सॉफ्टवेअरच्या प्रत्येक निविदेत, वापरलेल्या ओपन सोर्स घटकांची यादी आणि त्यांच्या राखणीसाठी रकमेचा ठराविक हिस्सा, ही दोन कलमे असावीत. रस्त्याच्या कंत्राटात देखभालीची मुदत लिहितातच ना? (ती पाळली जाते की नाही, हा निराळा विषय, पुणेकरांना तो सांगायला नको.)

दुसरी गोष्ट कायद्याची. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या ४३ व्या कलमाप्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणारा भरपाईला पात्र ठरतो. ६६ व्या कलमाखाली गुन्हा ठरण्यासाठी अप्रामाणिक हेतू लागतो हे खरे. पण सद्हेतूने दोष शोधून तो मालकाला कळवणाऱ्याला निःसंदिग्ध अभय देणारे कलम त्यात नाही. एखाद्या विद्यार्थ्याला सरकारी संकेतस्थळावर भोक दिसले, तर आईबाप त्याला काय सांगतील? गप्प बस, हेच. भोक दाखवणाऱ्याला गप्प केले तरी भोक जागच्या जागी राहते.

विद्यार्थ्यांचा विषय निघाला म्हणून एक. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागतो. त्यातले काही तयार विकत मिळतात, हे इथे बसलेल्या प्राध्यापकांना मी सांगायची गरज नाही. त्याऐवजी प्रत्येक महाविद्यालयाने नित्य वापरातले एखादे ओपन सोर्स सॉफ्टवेअर दत्तक घ्यावे. मुलांनी वर्षभर ते वाचावे, तपासावे, दोष नोंदवावेत. मात्र घाई नको. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एका उपक्रमात दुरुस्त्या पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळणार होता, तेव्हा एखादा शब्द इकडचा तिकडे केलेल्या निरर्थक दुरुस्त्यांचा असा पूर आला की, ते सॉफ्टवेअर सांभाळणारे हवालदिल झाले, आणि त्या पुरात आपल्या देशातील मुलांचा वाटा मोठा होता. म्हणून पहिले सहामाही सत्र मुलांनी फक्त वाचावे, काही पाठवू नये. आणि दुसऱ्या सत्रात जे पाठवायचे, ते आधी महाविद्यालयातल्या जाणत्या शिक्षकाने तपासावे. त्या शिक्षकाचे हे काम तासिकांच्या हिशेबात धरावे लागेल, आणि ते विद्यापीठाने ठरवायचे आहे.